पंगतीच्या वेळचं गाणं

मस्कतच्या मंडळात स्टेजचं काही अडलं की लोक प्रमिलाला फोन करतात. माईक शिट्ट्या मारतोय, प्रमिलाताई. पोरांना ताल सापडत नाही, प्रमिलाताई. भीमजयंतीला पाहुणे वेळेआधी येऊन बसले आणि वंदना म्हणणारी पोरं अजून हमरियाच्या ट्रॅफिकमध्ये अडकलीत, मग तर प्रमिलाताईच. ती पेटी पुढे ओढते, पदर खोचते आणि असा काही सूर लावते की पाहुणे चहा मागायचं विसरतात. तशी ती इंजिनिअर नवऱ्याची बायको, अल खौदला वरच्या मजल्यावर भाड्याचं घर, खाली उभी गाडी. पण मूळची ती नांदेडकडच्या भीमराव पेटीवाल्यांची मुलगी, आणि ही गोष्ट ती लपवत नाही. दोन माणसं जमली की आधी हेच सांगते.

वडिलांच्या गायन पार्टीत ती लहानपणी कोरसला होती, पुढे मुख्य माईकवर बसू लागली. मग लग्न झालं, लोकेशला गल्फची नोकरी लागली आणि गाणं उरलं ते मंडळाच्या कार्यक्रमांत आणि भांडी घासताना. त्यावर तिने कधी तोंडाने कुरकुर केली नाही. ती सगळी कुरकुर पोरीच्या गळ्यात उतरली म्हणा हवं तर. रचना एकुलती एक, अकरावीत. बोलताना मराठीत ठेचकाळते, गाताना एक शब्द चुकत नाही.

रचनाला बारावीनंतर गाणं शिकायला पुण्याला जायचं होतं. लोकेश दुक्मला प्रोजेक्टवर, महिन्यातून एखाद्या शुक्रवारी घरी यायचा. त्याने हे फोनवरच ऐकलं आणि फोनवरच उडवून लावलं. "गाण्यावर पोट भरतं का? आईला विचार तुझ्या." आईला मात्र कुणी विचारलं नाही. मायलेकींनी त्याचं डोकं खाल्लं, रुसवेफुगवे झाले, तेव्हा कुठे तो म्हणाला, "त्या म्युझिक अवॉर्डमध्ये पहिली ये, मग बघू." लोकेशचं ‘मग बघू’ म्हणजे जवळजवळ हो, हे प्रमिलाला इतक्या वर्षांच्या संसारात चांगलंच कळलं होतं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता.

हे म्युझिक अवॉर्ड म्हणजे मस्कतमधल्या मराठी मंडळांनी मिळून रुवीच्या एका हॉलमध्ये ठेवलेला सोहळा. नाव मोठं, लाल गालिचा भाड्याचा. एरवी आपल्याकडे गाणं म्हणजे मोबाईलवरचा ट्रॅक लावायचा आणि त्याच्यावर आपला आवाज चिकटवायचा. ह्या वेळी पोरांनी हट्ट धरला की एक विभाग तरी पूर्ण लाइव्ह हवा, आणि तो सगळ्यांना खुला हवा, ओमानी लोकांनासुद्धा. हट्टात पुढे रचना. कारण ती नुकतीच अमेरिकेतल्या एका मोठ्या अवॉर्डचा कार्यक्रम बघून वेडी झाली होती.

तो तिने बघितला खालच्या मजल्यावर, साबेराच्या दिवाणखान्यात. साबेरा म्हणजे घरमालकीण. मुलींच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, उंच, काळीभोर, दार उघडायला उशीर झाला तर खालूनच अशी हाक मारणारी की वरच्या कपाटातल्या वाट्या वाजाव्यात. तिची आजी झांझिबारहून ओमानला परतलेली. घरात अरबी आणि स्वाहिली बोलायचे, आणि प्रमिलाशी ती हिंदी सिनेमांतून उचललेलं हिंदी बोलायची. रचना तिच्या स्वयंपाकघरात नारळाच्या दुधातले वडे खात मोठी झाली होती. दोघींनी मिळून तो कार्यक्रम पाहिला. एकामागून एक काळ्या बायका स्टेजवर येत होत्या आणि खऱ्या गळ्याने गात होत्या. एकीने तर मध्येच बँड थांबवला, चपला काढल्या आणि नुसत्या आवाजावर अख्खं सभागृह उभं केलं. "आंटी, ब्रेथ सुनो ना उसका," रचना म्हणाली. साबेरा कधीच उठून उभी राहिली होती. ती म्हणाली, "मेरी दादी ऐसा गाती थी. एक ढोल, बस." दुसऱ्या दिवशी तिने बहिणींना बोलावून घेतलं आणि रचनाने मोठ्या उत्साहाने त्यांचं नाव अवॉर्डला देऊन टाकलं.

प्रमिलाला कळलं ते फरशीतून. ती कणीक मळत होती आणि खालून ढोल सुरू झाला, मग साबेराचा आवाज आला. तिचे हात कणकेतच राहिले. भीमराव पेटीवाल्यांच्या मुलीला कुणी आवाजातलं शिकवायची गरज नव्हती. रचना गोड गाते, सुरात गाते, तिला शाबासकी मिळेल. पण ह्या बाईने तोंड उघडल्यावर आपली पोरगी कुणाच्या लक्षातही राहणार नाही, हे तिला पहिल्या ओळीलाच समजलं. तिला साबेराचा राग आला. नंतर रचनाचा आला, नाव देऊन बसली म्हणून. मग पुणं डोळ्यांसमोरून लांब जाऊ लागलं.

गायन पार्ट्यांच्या जगात एक जुनी खोडी आहे. समोरची पार्टी भारी असली आणि तिला पाडायची असली तर भांडायचं नाही, वायरी तोडायच्या नाहीत. आयोजकाच्या कानात एवढंच सांगायचं, की ह्यांचं गाणं लागलं की पंगत बसवा. माणूस कितीही गाण्याचा दर्दी असो, रश्श्याचा वास आला की उठतो. पार्टी गात राहते, लोक जेवत राहतात, आणि सकाळी गावभर होतं की ह्यांचं काही जमलं नाही बुवा.

अश्विनचा फोन आला तो नेमका गाण्यांचा क्रम विचारायला. अश्विन मंडळातला तरुण इंजिनिअर, निवेदन त्याच्याकडे होतं. कुणाला कधी गायला उभं करायचं हे त्याला ठरवायचं होतं आणि त्याला स्टेजचं ओ की ठो कळत नव्हतं.

"ताई, त्या आफ्रिकन लेडीजना कुठे टाकू?"

"ओमानी आहेत त्या," प्रमिला म्हणाली. "माझी घरमालकीण आहे ती."

"हो हो, तेच. चीफ गेस्ट असतील तेव्हा टाकू का? लोकल टच येईल."

"नको," ती पटकन म्हणाली. मग आवाज जरा खाली आणला. "त्यांना शेवटी ठेव. आणि त्यांचं सुरू झालं की डिनर उघड. पोरं भुकेजतात रे तोपर्यंत. त्यांच्याकडे लग्नात असंच असतं, ह्या गातात, लोक जेवतात."

"शुअर ना ताई? वाईट नाही ना वाटणार त्यांना?"

"अरे, मी ओळखते ना त्यांना."

स्टेजच्या बाबतीत प्रमिलाताई बोलल्या म्हणजे खलास. अश्विनने आभार मानून फोन ठेवला. प्रमिलाने भांडी जरा जास्तच आवाज करत आवरली. आपण कुणाचं नाव कापलेलं नाही, असं ती स्वतःला सांगत होती. गाऊ दे की त्यांना, कोण नको म्हणतंय?

कार्यक्रम छान रंगला. हॉल भरला होता. पांढऱ्याशुभ्र पायघोळ दिश्दाशातले ओमानी प्रमुख पाहुणे पुढच्या कोचावर होते, त्यांना कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणि खजूर द्यायला समितीतली माणसं एकमेकांना ढकलत होती. त्यांच्यासमोरच रचना गायली. आजोबांनी रचलेलं गाणं, पेटीवर आई. बाबासाहेबांनी माणसाला माणसाशेजारी बसवलं, अशा अर्थाचं ते गाणं, आणि पोरीने ते खरंच मन लावून म्हटलं. परीक्षक राजीव सरांनी दोनदा मान डोलावली. राजीव सर पुण्याचे, इथे एका कंपनीत मोठ्या पदावर, सुगम संगीताचे जाणकार. त्यांची मान सहसा डोलत नाही. प्रमिलाने ते पेटीवरून पाहिलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

पुढे आणखी काही जणांची गाणी झाली, भाषण झालं, पाहुणे गेले. मग अश्विन माईकवर आला. "आता आपल्यासाठी घेऊन येत आहोत साबेरा अँड सिस्टर्स! आणि लेडीज अँड जेंटलमन, डिनर इज ओपन. यल्ला!"

पुढचं काही सांगायला नको. खुर्च्या सरकल्या, आयांनी पोरांना हाताला धरलं, दारापाशी रांग लागली. पडदा बाजूला झाला तेव्हा साबेरा आणि तिच्या तीन बहिणी रंगीत कपड्यांत, कमरेला छापील कापडं बांधून उभ्या होत्या आणि त्यांच्या समोर लोकांच्या पाठी होत्या. परीक्षकही ताटं घ्यायला गेले. रचनाला प्रसाद तबलेवाल्याने ओढून नेलं, तिला दुपारपासून उपाशी ठेवलं होतं म्हणून.

प्रमिलाही उठणार होती. तिने पर्स उचललीसुद्धा. तेवढ्यात साबेराची नजर तिच्यावर आली आणि ती पुन्हा बसली. कशी बसली ते तिलाच ठाऊक नाही.

ढोल सुरू झाला. धाकटी मुनिबा ढोलावर होती आणि ती रागाने वाजवत होती हे कुणालाही कळलं असतं, पण कळायला कुणी नव्हतं. साबेराने हॉलकडे बघितलं. मग तिने माईक स्टँडवरच ठेवला, दोन पावलं पुढे आली आणि तशीच गायला लागली. शब्द प्रमिलाला कळत नव्हते. बहिणी मागून ओळ झेलत होत्या, परत फेकत होत्या, आणि दर वेळी ती ओळ जरा वर चढत होती. श्वास ऐकू येत होता. खुर्च्या गोळा करणारा कामगार हातातली खुर्ची तशीच धरून उभा राहिला. मागून ताटांचा खणखणाट येत होता आणि कुणीतरी ओरडून विचारत होतं की पापड संपले का.

प्रमिलाला कंधारकडचं एक गाव आठवलं. भीमगीतांचा जंगी सामना होता आणि तिच्या वडिलांची, अण्णांची, पार्टी उभी राहिली तशी पंगत बसवली गेली. अण्णा भाताच्या पातेल्यांकडे तोंड करून गायले. ती मागे मंजिरी वाजवत होती, फ्रॉकातली पोर. अण्णांनी गाणं अर्ध्यावर सोडलं नाही, एक कडवंही गाळलं नाही. परत येताना टेम्पोत कुणीतरी बांधून दिलेलं जेवण पुढे केलं, तर त्यांनी ते सगळ्यांना वाटून टाकलं आणि स्वतः बाहेर बघत बसले. हे सगळं प्रमिलाला ठाऊक होतं. ठाऊक नसताना केलं असतं तर त्याला चूक तरी म्हणता आलं असतं.

आणि त्या रिकाम्या रांगेत बसल्या बसल्या तिला आणखी एक गोष्ट उमगली, ती ह्याहून वाईट होती. ही खोडी चालली, कारण कुणालाच त्यात काही वाटलं नाही. मघाचे दिश्दाशातले पाहुणे दोन ओळी गुणगुणायला उभे राहिले असते तर डिनर उघडायची कुणाची छाती झाली असती? सगळा हॉल हात बांधून बसला असता. ह्या बायका काळ्या होत्या, म्हणून अश्विनने एकदाच विचारून सोडून दिलं, आणि समितीत बाकी कुणी तेवढंही विचारलं नाही. कुणी विचारणार नाही हे प्रमिलाला आधीच माहीत होतं. त्याच भरवशावर तिने ते सांगितलं होतं. जयंतीला सगळी माणसं सारखी म्हणून आवाज चढवणारी बाई ती. तिला स्वतःच्या अंगाची किळस आली.

गाणं संपलं. टाळ्या दोघांच्या, तिच्या आणि त्या कामगाराच्या. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये त्या टाळ्यांनी तिलाच कानकोंडं झालं.

ती तिथेच बसून राहिली होती. थोड्या वेळाने शेजारची खुर्ची करकरली. साबेरा होती, कपाळावर घाम, हातात भरलेलं ताट. ते तिने प्रमिलाच्या मांडीवर ठेवलं.

"तुमने खाना नहीं खाया."

"खाऊंगी बाद में."

"अभी खाओ. ठंडा हो गया." साबेराने ओढणीने कपाळ पुसलं. "तुम्हारे लोग को भूख बहुत लगता है, प्रमिला."

प्रमिलाला हसू आलं नाही.

"हमारे शादी में गाने के टाइम कोई खाने को उठा ना, तो हम ढोल बंद. घर जाते," साबेरा म्हणाली. तिचा आवाज अजून तापलेला होता. "आज भी मुनिबा बोली, बंद करो, चलो. मैं बोली, नहीं. प्रमिला बैठी है. गानेवाले की बेटी है वो, वो नहीं उठेगी."

आत्ता सांग, असं प्रमिला स्वतःला म्हणाली. तिने तोंड उघडलं आणि पुरीचा तुकडा आत घातला, म्हणजे बोलावं लागणार नाही. साबेरा तिच्या पाठीवर थाप मारून बहिणींकडे गेली.

ताट खुर्चीवर ठेवून ती राजीव सरांना गाठायला धावली. सर गुलाबजामची वाटी घेऊन निकालाचं बोलत उभे होते.

"सर, पहिला नंबर त्या बायकांचा आहे," ती म्हणाली. "शप्पथ सांगते. आज इथे खरं गाणं एवढंच झालं."

राजीव सरांनी कौतुकाने तिच्याकडे बघितलं. "तुमचं मन मोठं आहे, प्रमिलाताई. स्वतःची मुलगी स्पर्धेत असताना असं कोण म्हणतं? पण अहो, आम्ही ऐकलंच नाही ना. न ऐकता कसा द्यायचा? उद्या कुणी विचारलं तर?"

"पुन्हा गायला सांगू या. आता सगळे जेवलेत."

"हॉल सोडायचाय हो थोड्या वेळात. तुम्ही म्हणता तर उत्तेजनार्थ देऊ त्यांना काहीतरी." आणि ते गुलाबजामकडे वळले.

का ऐकलं नाहीत, असं तिला विचारता आलं असतं. पण त्याचं उत्तर तिलाच द्यावं लागलं असतं. मन मोठं म्हणे. ती मान खाली घालून परत जागेवर आली.

निकाल लागला. लाइव्ह विभागात पहिली रचना. प्रमिलाने आधीच ठरल्याप्रमाणे दुक्मला व्हिडिओ कॉल लावून फोन वर धरला होता, लोकेशला बघता यावं म्हणून. रचना स्टेजवर चढली, ट्रॉफी हातात घेतली, आणि हॉलच्या मागच्या कोपऱ्यातून एकदम किलकारी उठली. ओमानी लग्नघरात बायका जीभ नाचवून काढतात ती, लांबलचक. आधी साबेराची, मग चौघींची. स्वतःच्या अंगणात वाढलेल्या पोरीसाठी त्या काढत होत्या, हातचं काही न राखता. सगळा हॉल माना वळवून मागे बघायला लागला. पोरं कानांवर हात ठेवून हसली. राजीव सर तर खुर्चीतून अर्धे उठले.

फोनमधून लोकेश ओरडला, "अगं, कोण ही? बापरे, काय गळा आहे! ही पण होती का स्पर्धेत?"

"होती," प्रमिला म्हणाली.

"मग हिच्यापुढे आपली कशी पहिली आली?" तो खुशीत हसत होता. पोरीच्या कौतुकानेच विचारत होता.

तोवर रचना ट्रॉफी घेऊन खाली आली होती. ती धावत आधी साबेराकडे गेली आणि तिचा हात धरून तिला आईपाशी घेऊन आली. बाबांचं शेवटचं वाक्य तिने ऐकलं.

"हो ना आई," ती म्हणाली. "मलाही नाही कळत. आय मीन, आंटी तर... घरी मी ऐकलंय ना. आज मला ऐकायचं होतं, पण प्रसाददादा म्हणाला जेव. त्यांच्याच वेळी का डिनर होतं?"

प्रमिलाने फोन खाली घेतला, बंद मात्र केला नाही. लोकेशनेही ऐकावं. मग तिने सांगितलं, की मी ठेवायला लावलं. अश्विनला मीच म्हटलं, ह्यांचं गाणं लागलं की जेवण उघड. तू पहिली यावीस म्हणून. आजोबांना लोकांनी केलं होतं तेच मी आंटीला केलं. हे बोलताना ती पोरीच्या हातातल्या ट्रॉफीकडे बघत होती, कारण तोंडाकडे बघवत नव्हतं.

रचनाने साबेराचा हात सोडला आणि ट्रॉफी खुर्चीवर ठेवून दिली. एवढ्या मराठीतलं साबेराला काहीच कळलं नव्हतं. ती अजून हसतच होती.

"क्या बोली तेरी मां?" तिने रचनाला विचारलं.

रचनाने आईकडे बघितलं. "आय कान्ट," ती म्हणाली. "तू सांग."

साबेरा आता प्रमिलाकडे वळली आणि वाट बघत उभी राहिली. प्रमिलाने पदराने तोंड पुसलं आणि तेच सगळं हिंदीत, पहिल्यापासून, पुन्हा सांगायला सुरुवात केली.